केल ट्रेगेन्झाचे हात

केल्व्हिन ट्रेगेन्झाने आयुष्यातली पहिली कोलांटी मारली ती शेहेचाळिसाव्या वर्षी, एका एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या धाकाने. तोवर त्याला कुणी विचारलं असतं, तर त्याने सांगितलं असतं की मी खाणीतला फिटर आहे, पंप दुरुस्त करतो, आणि डोकं खाली पाय वर हा प्रकार आमच्या घराण्यात कुणी केलेला नाही. आजोबा, वडील आणि तो, तिघांचंही पोट ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल गावच्या त्याच एका खाणीने भरलं होतं. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा माणूस. गावात त्याला नुसतं केल म्हणत.

जिम्नॅस्टिक्सशी त्याचा संबंध आला तो मुलीमुळे. किरिली सात वर्षांची असताना गावाच्या साउथ भागातल्या जुन्या चर्चच्या हॉलमध्ये जायला लागली. मंगळवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी केल तिला सोडायचा, आणि तास संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून पेपरातलं शर्यतींचं पान वाचायचा. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी काचेवर टकटक केलं. बाहेर पांढऱ्या केसांची, ताठ मानेची बाई उभी होती.

"आत गाद्या उचलायच्या आहेत," ती म्हणाली. "आणि घोडे तू वाचलेस तरी तेवढेच पळतील."

ही पेरिना मातुलिच. क्रोएशियातल्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बेटावरून लग्न होऊन आलेली. नवरा खाणीत होता. तो जाऊनही वीस वर्षं झाली होती. मुलं तिला टेटा म्हणत, म्हणजे तिच्या भाषेत मावशी. त्या मुलांची मुलं झाली तीही टेटाच म्हणू लागली, आणि पुढे पोस्टमनसुद्धा.

केलने गाद्या उचलल्या. पुढची दोन वर्षं उचलतच राहिला. उड्यांच्या लाकडी पेटीचा खिळखिळा झालेला सांधा त्याने आवळला, तोल सांभाळत चालायच्या बीमवर नवं कापड ताणून बसवलं, खाणीतून टाकून दिलेल्या रबरी पट्ट्याचे तुकडे आणून बारच्या पायांखाली घातले. मुलं काय करतात त्याकडे त्याचं फारसं लक्ष नसायचं. आपली मुलगी कुठे आहे तेवढं तो बघायचा.

मग टेटाचं कंबरेचं हाड झिजलं. ॲडलेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर मुलांना आधार द्यायला उभं राहणं बंद. टेटाने पालकांना हॉलमध्ये बोलावलं. चौतीस मुलं होती आणि शिकवणारी ती एकटी. कुणीतरी पुढे या, नाहीतर नाताळला कुलूप लागेल, असं तिने सांगितलं. पालकांनी एकमेकांकडे बघितलं, मग जमिनीकडे. एक बाई म्हणाली, बाहेरगावाहून कुणी मिळतंय का बघू या. बाहेरगावचा माणूस इथल्या उन्हाळ्यात कितपत टिकतो ते सगळ्यांना ठाऊक होतं.

टेटाने काठी केलकडे रोखली. "हा आहे की."

"मी?" केल म्हणाला. "टेटा, मला साधी कोलांटी येत नाही."

"म्हणूनच. ज्यांना लहानपणापासून येते त्यांना ती कशी आली ते आठवत नाही. तुला आठवेल."

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. ग्लेनिस खिमा भरायच्या पेस्टींचं पीठ मळत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "तू नाही म्हणालास ना?"

"म्हणालो होतो."

"मग?"

"तिने ऐकलं नाही."

रविवारी सकाळी हॉल रिकामा असायचा. टेटा खुर्चीत बसायची आणि केल गादीवर. पहिले दोन रविवार त्याने पाठीवर पडून, गुडघे छातीशी घेऊन नुसतं पुढे-मागे झुलायचं होतं. तिसऱ्या रविवारी झुलून हात न टेकता उकिडवं उठायचं. ते त्याला पाच आठवडे जमलं नाही. टेटाने उतरत्या गादीच्या वरच्या टोकाला त्याला बसवलं, तेव्हा उताराने मदत केली आणि तो उठला. मग त्याच उतारावरून कोलांटी. डोकं आत घे, हनुवटी छातीला, पार्श्वभाग वर. तो गडगडत खाली आला आणि छताकडे बघत पडून राहिला. हॉल फिरत होता.

"मेलास का?" टेटाने विचारलं.

"अजून नाही."

"मग पुन्हा. चांगल्या दहा झाल्या की सपाट गादीवर. चांगल्या दहा. झालेल्या दहा नाही."

हा तिचा एकच नियम होता. चांगल्या दहा झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. नववी बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून. केलला सुरुवातीला तो जाच वाटला. फिटरच्या कामात नटबोल्ट एकदा घट्ट बसला की बसला. तोच बोल्ट दहा वेळा कोण बसवतो? पण हिवाळा संपता संपता त्याच्या लक्षात आलं की सातव्या-आठव्या खेपेला अंग काहीतरी वेगळं करतं. विचार करावा लागत नाही. त्या वर्षी तो भिंतीला पाय लावून हातांवर उभा राहायला शिकला. आधी पाय एक वीत वर, मग कमरेइतके, मग छाती भिंतीला टेकेपर्यंत. बाकावर हात ठेवून एका बाजूने दुसऱ्या बाजूला पाय टाकायला शिकला, आणि त्यातून एक कार्टव्हील तयार झालं. टेटाच्या मते ते पेट्रोल संपलेल्या गाडीच्या चाकासारखं होतं.

आधार द्यायचं शिक्षण वेगळं. हात कुठे, कधी, किती. एक तळहात मुलाच्या कंबरेखाली, दुसरा मांडीमागे. मूल तुझ्याकडे यायच्या आधी तू तिथे असला पाहिजेस. ॲडलेडला दोन शनिवार-रविवार जाऊन त्याने परीक्षा दिली. परीक्षकाने विचारलं, "तुम्ही पूर्वी कुठल्या क्लबकडून खेळायचा?" केल म्हणाला, "जमिनीखालच्या." परीक्षकाला कळलं नाही, पण त्याने सही केली.

वर्षभर सगळं छान चाललं. बारकी मुलं त्याच्याभोवती गोळा व्हायची, कारण कोलांटीत कुठे पोटात गोळा येतो ते त्याला नेमकं सांगता यायचं. किरिली आता अकरा वर्षांची होती. लांब पायांची, घाईची. तिला मागची कलाटी हवी होती. उभ्याने मागे झेप घ्यायची, हातांवर यायचं, आणि हातांनी जमीन ढकलून परत पायांवर. सप्टेंबरात मिल्ड्युराला स्पर्धा होत्या आणि तिच्या वयाच्या तिघी ती करणार होत्या.

ती पायऱ्या चढतही होती. पाठीची कमान येत होती, कमानीतून पाय मागे टाकणं येत होतं. केलने तेलाच्या पिंपाभोवती स्पंज आणि कॅनव्हास गुंडाळून एक मोठा लोळ बनवला होता; त्यावर पाठ टेकून मागे जायचं आणि हातांवर उतरायचं, तेही तिला येत होतं. एक गोष्ट मात्र अडली होती. हातांवर उभं असताना खांद्यांनी जमीन ढकलायची, तिथे तिची कोपरं वाकत. दहापैकी चार वेळा, कधी पाच.

ऑगस्टमध्ये टेटाच्या ऑपरेशनचा नंबर लागला आणि ती सहा आठवडे ॲडलेडला गेली. किरिली रोज जेवताना विचारायची, "आज करू या का, डॅड? फक्त एकदा. तू आहेस ना."

एका शनिवारी तो हो म्हणाला. त्याला वाकणारी कोपरं दिसली होती. पण आपले हात आहेत ना, असं त्यालाही वाटलं. आणि खरं सांगायचं तर मिल्ड्युराला बसून तिला बघावं अशी त्याची स्वतःचीच फार इच्छा होती.

पहिली झाली. दुसरी झाली, सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी किरिलीने झेप घेतली आणि अर्ध्यावर तिचं अंग फिरलं, जणू कुणी मागून हाक मारली. केलचा हात तिची पाठ जिथे यायला हवी होती तिथे होता. पाठ तिथे नव्हती. ती मान आणि खांद्यावर पडली.

आवाज मोठा नव्हता. ती डोळे उघडे ठेवून पडली होती.

"डॅड, बोटांना मुंग्या येतायत."

त्याने तिला हलवलं नाही. तेवढं तो शिकला होता. एका मुलाच्या आईला फोनकडे पळवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून तिचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ग्लेनिस बेकरीतल्या कामावरून ॲप्रनमध्येच आली. एक्स-रेवर शंका असेल तर विमानाने ॲडलेडला न्यावं लागेल, असं नर्स सांगून गेली. दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. समोरच्या भिंतीवर दात घासण्याचं सूचनापत्रक होतं. केलने ते किती वेळा वाचलं कोण जाणे.

चार वाजता डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घामेजलेले. "काही मोडलेलं नाही," ते म्हणाले. "स्नायू दुखावलेत. मुंग्या गेल्यात. दोन आठवडे मानेला पट्टा लावा, महिनाभर उड्या नाहीत."

ग्लेनिस उठून सरळ आत गेली. केल तिच्या मागोमाग गेला, पण दारातच थांबला.

घरी ग्लेनिस एवढंच म्हणाली, "तिला जायचं असेल तर मी अडवणार नाही. तुलाही नाही. पण मला तिथे बोलावू नका."

महिन्याने किरिली हॉलमध्ये परतली. बारवर लटकायची, बीमवर चालायची, मागच्या कलाटीचं नावही काढायची नाही. मिल्ड्युराच्या स्पर्धा होऊन गेल्या.

केलचं काय झालंय ते मात्र त्यालाही उशिरा कळलं. सात वर्षांची एक मुलगी उतरत्या गादीवर उलटी कोलांटी मारत होती. त्याने हात पुढे केले आणि ते मध्येच थांबले. मुलगी आपली आपण व्यवस्थित आली, म्हणून कुणाला दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग तो मुलांना असं काहीतरी द्यायला लागला ज्यात आधार लागत नाही. जमिनीवरचं, भिंतीजवळचं, ताणाचं. मुलं कंटाळली.

टेटा काठी टेकत परत आली त्या रविवारी केल तिच्या घरी गेला आणि हॉलच्या किल्ल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवल्या.

टेटाने किल्ल्यांकडे बघितलं नाही. तिने कॉफी ओतली. "पिंपावर किती झाल्या होत्या?"

"चाळीसेक."

"त्यात चांगल्या?"

केलने कॉफीचा कप जवळ ओढला.

"हाताने ढकलण्याच्या? सलग दहा?"

"नाही झाल्या. माहीत होतं मला, टेटा. दिसत होतं. तरी मी तिला करू दिलं. आणि आता हात पुढे जात नाहीत. जातात, आणि थांबतात. ज्याचे हात थांबतात त्याने दुसऱ्याच्या मुलांजवळ उभं राहू नये."

"बरोबर आहे," टेटा म्हणाली. "राहू नये."

केलला वाटलं होतं ती समजूत घालेल. ती घालत नाही हे बघून त्याला जरा बरंच वाटलं.

"हातांना पहिल्या पायरीवर ने," ती पुढे म्हणाली. "मुलांना नेतोस, तसं. त्या किल्ल्या उचल, मला टेबल पुसायचंय."

पहिली पायरी म्हणजे वाळूचं पोतं. किरिलीच्या वजनाचं, छत्तीस किलोचं. केलने ते पिंपावर आडवं टाकायचं, पिंप मागे लोटायचं, आणि पोतं घसरायला लागताच एक हात खाली, एक हात मध्यावर. टेटा खुर्चीतून बघायची. हात वेळेवर पोचला तर गप्प, उशीर झाला तर काठी आपटायची. पहिल्या दिवशी काठी इतक्या वेळा आपटली की शेजारचा माणूस काय दुरुस्ती चाललीय ते बघायला आला.

शनिवारी तास सुटल्यावर हे चालायचं, आणि किरिलीला घरी जायला गाडीची वाट बघावी लागायची. ती बाकावर बसून चीज-स्लॉचं, म्हणजे किसलेल्या चीज-गाजराचं सँडविच खायची आणि बघायची. तिसऱ्या शनिवारी तिने आपला जुना पोहण्याचा पोशाख आणून पोत्याला चढवला.

"आता ही डोरीन आत्या," ती म्हणाली.

डोरीन ही केलची थोरली बहीण, शरीराने भरभक्कम. केल हसला. ऑगस्टनंतर तो हॉलमध्ये पहिल्यांदा हसत होता. "तिला सांगू नकोस. ती माझा जीव घेईल."

"आत्याचा पाय सुटतोय बघ. उशीर."

"मला दिसतंय."

"टेटा, उशीर झाला ना?"

काठी आपटली.

नोव्हेंबरमध्ये पोत्याच्या सलग दहा चांगल्या झाल्या. मग बारक्या मुलांच्या उलट्या कोलांट्या, टेटा शेजारी खुर्ची ओढून. मग कमानी. हात अडखळत, पण पोचत. एकदा एक गुबगुबीत मुलगा कमानीतून भलत्याच बाजूला कलंडला आणि केलच्या हातांनी त्याला विचार करायच्या आत धरलं. मुलाला काही कळलंच नाही. तो उठून पाणी प्यायला गेला. केल तिथेच उभा राहिला, स्वतःच्या तळव्यांकडे बघत. टेटा म्हणाली, "हं. पुढचा."

डिसेंबरात किरिलीने सँडविच संपवलं, हात पुसले आणि पिंपाजवळ येऊन उभी राहिली. "पोतं धरायला उशीर झाला तर ते बोलत नाही," ती म्हणाली. "मी बोलेन."

केलने टेटाकडे बघितलं. टेटा खिडकीबाहेर बघत होती.

"पहिल्यापासून," केल म्हणाला. "झुलण्यापासून. कोपरं सरळ झाल्याशिवाय पिंपाच्या पुढे जायचं नाही. कितीही महिने लागू देत."

"मला माहितीय."

"आणि तू विचारलंस तरी मी हो म्हणणार नाही."

"मी विचारणारच नाही."

डिसेंबरपासूनच्या उन्हाळ्यात हॉलचा पत्रा इतका तापायचा की ते सकाळी सहालाच यायचे. किरिली भिंतीला पोट लावून हातांवर उभी राहायची आणि खांदे कानांना लावून जमीन ढकलायची. ढकल, ढकल, ढकल. तळवे एक बोटभर उचलले जायला लागले. जानेवारीत सलग दहा झाल्या, कोपरं सरळ. मग खुर्चीत बसल्यासारखं मागे कलून गाद्यांच्या ढिगावर पाठीवर पडायचं. मग पिंप. मग पेटीवर हात ठेवून पाय झटकन खाली ओढायचे. प्रत्येक ठिकाणी दहा. एकदा धुळीचं वादळ आलं, दुपारी दिवे लावावे लागले आणि गाद्यांवर तांबडा थर बसला. त्या आठवड्यात फक्त झाडणं झालं.

फेब्रुवारीच्या शेवटी उतरती गादी आली. तिथे पहिल्यांदा सगळी कलाटी एकत्र होणार होती, केलचे दोन्ही हात लावून. किरिली वरच्या टोकाला उभी राहिली. केल तयार होता. तिने हात वर नेले, खाली आणले, पुन्हा वर नेले. असं वीस मिनिटं चाललं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. शेवटी ती बाजूला उतरली.

"नाही होत," ती म्हणाली.

"ठीक," टेटा म्हणाली. "आजची पायरी उभं राहायची. ती झाली."

गाडीत किरिली पाय सीटवर घेऊन बसली. केलने किल्ली लावली, पण फिरवली नाही. गाडीत भट्टीसारखं तापलं होतं.

"डॅड, तू माझ्यावर अजून रागावलायस का?"

"कशाबद्दल?"

"मी मध्येच फिरले म्हणून. तेव्हा. सरळ गेले असते तर तू धरलं असतंस."

केल तिच्याकडे वळला. "मी रागावलोय असं कुणी सांगितलं तुला?"

"तू मला हात लावत नव्हतास. बीमवरून उतरताना सगळ्यांचा हात धरायचास, माझा नाही. मी आले की तू बाजूला व्हायचास. मला वाटलं, तुला आता माझं काही बघायचंच नाहीये."

समोर रस्त्यावर एक माणूस नळीने झाडांना पाणी घालत होता. केलने त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मला भीती वाटत होती," तो म्हणाला. "हात उशिरा पोचतील म्हणून. ज्याला त्याला हात लावताना वाटायची. तुझ्या वेळी सगळ्यात जास्त. म्हणून बाजूला व्हायचो. राग नव्हता गं."

"अजिबात?"

"अजिबात. आणि ऐक, तू फिरलीस, कारण तुझी कोपरं तयार नव्हती आणि तुझ्या अंगाला ते कळलं. मलाही कळलं होतं, आठवडाभर आधी. मी नाही म्हणायला हवं होतं. ती चूक माझी आहे, तुझी एवढीही नाही." त्याने चिमटीत दाखवलं.

किरिलीने गुडघे जवळ ओढले. मग म्हणाली, "सहा महिने मला वाटतंय की तू चिडलायस."

"मग विचारायचं ना."

"तू सांगायचं ना."

"आता सांगितलं."

"सहा महिन्यांनी," ती म्हणाली, आणि नाक बाहीला पुसलं. "खिडकी उघड, मी भाजतेय."

केलने खिडकी उघडली. आपण एवढे दिवस खांदे कानांपर्यंत उचलून वावरत होतो हे त्याला तेव्हा जाणवलं, कारण ते खाली आले.

पुढच्या शनिवारी ती उतरत्या गादीवर गेली आणि तिसऱ्या वेळी हात वर नेल्यावर मागे झेपावली. केलचा एक तळहात तिच्या कंबरेखाली होता, दुसरा मांडीमागे, आणि तिचं वजन ज्या क्षणी यायला हवं त्या क्षणी आलं. ती खाली पायांवर उभी राहिली.

"उशीर नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता," केल म्हणाला.

त्यानंतरही घाई झाली नाही. मार्चभर उतार, दोन्ही हात. एप्रिलमध्ये उतार कमी केला. एक आठवडा पुन्हा बिघडला, ती पुन्हा पिंपावर गेली आणि कुरकुरली नाही. मेमध्ये हवा गार झाली, सकाळी हॉलमध्ये स्वेटर घालूनच अंग गरम करावं लागायचं. सपाट गादीवर दोन्ही हातांनी दहा. एका हाताने दहा. मग केल नुसता जवळ उभा, हात तिच्या कंबरेपासून वीतभर दूर. तिचं अंग त्याच्या बोटांना न लागता गेलं, पाय गादीवर टेकले आणि ती एक पाऊल मागे सरकून थांबली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवशी त्या दोघांखेरीज हॉलमध्ये टेटाच होती. तिने बोट वर केलं, म्हणजे एक.

किरिलीने अकरा केल्या. तिसरी आणि आठवी वाईट होती. अकरावीनंतर ती गादीवर आडवी पडली आणि हसत सुटली, इतकी की तिला उचकी लागली. केलला तिच्या शेजारी बसावंसं वाटलं, तो बसला. त्याचे गुडघे कटकट वाजले.

घरी ग्लेनिसने दोघांचे चेहरे बघितले आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. "झालं?"

"अकरा," केल म्हणाला. "त्यातल्या नऊ चांगल्या. मी हात लावला नाही."

ग्लेनिस खुर्चीवर बसली. मग किरिलीला जवळ बोलावून तिच्या मानेवरून पिठाचा हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, जणू मणके मोजत होती. "दुखत नाही ना?"

"नाही, मम. भूक लागलीय."

मंगळवारी ग्लेनिस हॉलमध्ये आली. कुणी बोलावलं नव्हतं. दाराजवळच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसली. टेटा काठी टेकत तिच्या शेजारी येऊन बसली. किरिली गादीच्या टोकाशी उभी राहिली, तसे ग्लेनिसने डोळे मिटले. पाय टेकल्याचा आवाज आला.

"झाली," टेटा म्हणाली. "सरळ होती."

"पुन्हा करणार आहे का?"

"दहा करेल. दर वेळी डोळे मिटणार असशील तर मला प्रत्येक वेळी सांगावं लागेल, आणि मला आधीच धाप लागते."

दुसऱ्या वेळी ग्लेनिसने डोळे उघडे ठेवले. तिला मुलीपेक्षा नवराच आधी दिसला. गुडघ्यांत वाकलेला, हात पुढे, चेहरा पंप उघडून आत बघताना असतो तसा. किरिली त्या हातांजवळून गेली आणि पलीकडे उभी राहिली. ग्लेनिसने पर्स बाकावर ठेवली आणि कोट काढला.